जोत्यातली ओल आणि कोल्डरूमची फरशी : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्यापासून थोडं आत. पुढे रस्ता, मागे भाताची खाचरं. जोतं जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंतीही चिऱ्याच्याच पण मातीत रचलेल्या, त्यावर पुढे कधीतरी सिमेंटचा गिलावा चढलेला, माथ्यावर मंगळुरी कौलं. दोघे भाऊ खव्याचा धंदा करतात. आसपासच्या गावांतून म्हशीचं दूध घ्यायचं, खवा आटवायचा आणि बेळगावात कुंदा करणाऱ्यांना पोचवायचा. माल एक दिवस जरी अडकला तरी नुकसान. म्हणून मागच्या बाजूच्या एका रिकाम्या खोलीत ३ मीटर बाय ३.६ मीटरची छोटी कोल्डरूम बसवायची ठरली, आतलं तापमान २ ते ४ अंश.

त्या खोलीला लागूनच आजींची खोली. तिथं दर पावसाळ्यात भिंतीच्या बुडाला ओल येते, गिलाव्याला लोणा लागतो, म्हणजे ओलीबरोबर आलेलं मीठ फुटून वर येतं, गुडघ्याच्या वरपर्यंत पोपडे सुटतात. शहाबादी फरशीचे सांधे जून सरता सरता काळे पडतात ते दिवाळीपर्यंत तसेच.

सल्ला द्यायला मी गेलो तेव्हा भावांच्या हातात एका विक्रेत्याचं कोटेशन होतं. १२ मिमी जाडीचा ‘मॉइश्चर रेझिस्टंट’ इन्सुलेशन बोर्ड. आजींच्या खोलीच्या भिंतींना आतून, जोत्याला बाहेरून आणि कोल्डरूमच्या फरशीखालीही तोच. ओल जाणार, थंडावा टिकणार, दोन्ही कामं एकाच बोर्डात. थोरल्या भावाला हे पटलं होतं आणि त्यात त्याचं फारसं चुकत नव्हतं. कागदावर लिहिलेलं वाचलं तर कुणालाही तसंच वाटेल. पण ओलीत बोर्ड स्वतः खराब होत नाही ही एक गोष्ट, आणि बोर्ड ओल अडवतो ही निराळी. सांध्यासांध्यातून पाणी बोर्डाला वळसा घालून जातंच. पाणी अडवायचं काम पडद्याचं, म्हणजे मेंब्रेनचं किंवा प्लॅस्टिकच्या जाड कागदाचं, आणि त्याहीआधी उताराचं आणि गटारीचं. बोर्डाचं काम उष्णता अडवणं. या घरात कुठल्या जागी काय अडवायचंय हे ठरल्याशिवाय बोर्ड निवडण्यात अर्थ नव्हता.

पाणी कुठलं?

भावांचं म्हणणं होतं की फरशीला घाम येतो. कोकणात, गोव्यात तसं होतंही. दमट गरम हवा आत येते, फरशी गार असते, तिच्यावर पाणी साचतं. अशा ठिकाणी फरशीखाली इन्सुलेशन घातलं तर फरशी फार गार राहत नाही आणि घाम कमी होतो. म्हणून आधी हे घामाचं पाणी आहे का ते बघितलं.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी खोलीतली हवा २३ अंश, आर्द्रता ९० टक्के. या हवेचा दवबिंदू साधारण २१ अंश येतो. फरशीचं तापमान मोजलं तर २४. दवबिंदूपेक्षा गरम असलेल्या फरशीवर हवेतलं पाणी बसत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, पावसाळ्यात इथली हवा गार असते आणि जमिनीत उन्हाळ्याची ऊब थोडी शिल्लक असते. घाटाखालचा अनुभव इथं जसाच्या तसा लागू होत नाही.

खात्रीसाठी जुनी साधी चाचणी केली. ४५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन फरशीवर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करायच्या आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. पाणी कागदाच्या वरच्या अंगाला आलं तर हवेतलं, खालच्या अंगाला आलं तर जमिनीतलं. सकाळी कागद वरून कोरडा होता. खालून थेंब एकमेकांत मिसळून ओघळायला लागले होते आणि फरशीचा तेवढा तुकडा गडद झाला होता.

गवंडी तिथंच उभे होते. म्हणाले, “साहेब, पाणी खालनं येतंय हे कळलं, खरं कुठनं येतंय ते कळंना झालंय.”

ते आजींनी सांगितलं, तेही बोलता बोलता. “मागल्या दाराला तीन पायऱ्या होत्या रे बाळा. आता एकच राहिली.” दोन पायऱ्या कुणी काढल्या नव्हत्या, त्या पुरल्या गेल्या होत्या. खाचराचा बांध फुटू नये म्हणून वर्षानुवर्षं घराच्या बाजूनं माती आणि मुरूम टाकला गेला, मागचं अंगण वर वर येत गेलं आणि आता ते घरातल्या फरशीपेक्षा जवळजवळ वीतभर उंच झालं होतं. बांधापलीकडे भाताला पाणी लावलेलं. खोलीत कोपऱ्यात एक फरशी उचलून खड्डा घेतला तर फरशीखाली ३०० मिमीवर पाणी उभं. जांभा सच्छिद्र, त्यात आडवा ओलरोधक थर कधी घातलेलाच नाही. पाणी चिऱ्यातून वर चढत होतं, आणि बाहेरचा-आतला सिमेंटचा गिलावा त्याला भिंतीतून बाहेर पडू देत नव्हता, म्हणून ते आणखी वर जाऊन पोपडे फोडत होतं.

अशा भिंतीला आतून बोर्ड लावला असता तर काय झालं असतं? पहिलं वर्ष खोली छान दिसली असती. बोर्डामागे ओल तशीच, फक्त दिसायची बंद, आणि पोपडे बोर्डाच्या वरच्या कडेला जाऊन सुटले असते. विक्रेत्याला तोवर पैसे पोचलेले असतात.

घराच्या जोत्याला इन्सुलेशन नकोच

हा निर्णय भावांना सगळ्यात जड गेला, कारण परदेशातले व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. तिकडे पायाला बाहेरून निळे-गुलाबी बोर्ड लावतात हे खरंच आहे. जिथं जमीन गोठते तिथं पायाखालचं पाणी बर्फ होऊन पाया उचलला जातो, आणि घर तापवायला लागणारी ऊब जोत्यातून निसटते. आपल्याकडे यातलं काहीच घडत नाही. बेळगाव भागात जमिनीचं खोलवरचं तापमान वर्षभर २३-२४ अंशांच्या आसपास असतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ३६ अंश असताना हीच जमीन फरशीला गार ठेवते. फरशीखाली बोर्ड घातला की तो गारवा तुटला. आपल्याकडे घरांसाठी केलेल्या ‘इको निवास संहिता २०१८’चाही सगळा भर भिंत, खिडकी आणि छपरावर आहे, आणि तो बरोबर आहे. या घरात उष्णता कौलांतून येते.

म्हणून आजींच्या खोलीसाठी एकही बोर्ड न घेता काम ठरलं. मागचं अंगण फरशीच्या खाली उतरेल इतकं खणून काढायचं, जोत्याला समांतर चर, त्यात जिओटेक्स्टाइल कापडात (पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या) गुंडाळलेली खडी आणि तळाशी भोकांचा ११० मिमीचा पाइप, १०० ला १ उतार, पाणी रस्त्याकडच्या ओढ्यात. भिंतीचा सिमेंट गिलावा आतून-बाहेरून मीटरभर उंचीपर्यंत सोलायचा, सांधे खरवडायचे आणि चुन्याचा गिलावा करायचा. ओलरोधक रसायन भोकं पाडून भरायचा पर्यायही होता. पण जांभ्याची भोकं एकमेकांना कुठं मिळालेली असतात ते वरून कळत नाही, रसायन कुठं जातं आणि कुठं जात नाही याचा भरवसा नाही. आधी पाण्याची वाट वळवावी, मग भिंत काय म्हणते ते बघून पुढचं ठरवावं असं माझं मत पडलं.

जाता जाता : हेच घर चिक्कोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत असतं तर जोत्याला बाहेरून बोर्ड लावण्याविरुद्ध आणखी एक कारण मिळालं असतं. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिला चिकटलेलं जे काही असेल ते ओढत-खरडत राहते.

कोल्डरूमची गोष्ट मात्र उलटी

कोल्डरूमच्या आत ३ अंश, खाली जमीन २४ अंश. हा २१ अंशांचा फरक वर्षाचे बाराही महिने, दिवसरात्र. इथं बोर्ड हवाच. आणि इथं तो पातळ हवा, कारण जागाच नव्हती. खाली ३०० मिमीवर पावसाळ्यात पाणी, त्यामुळे खोल खणायचं नाही. वर कौलांच्या वाशांची उंची बेताची, आणि कोल्डरूमची फरशी बाहेरच्या फरशीला सपाट हवी, नाहीतर क्रेट भरलेली ढकलगाडी उंबऱ्याला अडकते. जुना कोबा फोडून सोलिंग, म्हणजे त्याखालचा दगडांचा थर, तसंच ठेवलं तर हातात १५० मिमी येत होते. त्यात सगळं बसवायचं.

पफ पॅनेलवाल्या (पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम) कंत्राटदाराचा प्रस्ताव होता की फरशीखाली काहीच नको, पॅनेल सरळ जुन्या फरशीवर उभे करू. २ अंशांच्या खोलीत बर्फ धरत नाही, त्यामुळे जमीन गोठून फरशी उचलण्याचा धोका नाही हे त्याचं म्हणणं बरोबर. उणे १८ च्या खोलीत तो धोका असतो. पण आतली गार फरशी आणि बाहेरची फरशी एकसंध राहिली की गारवा पॅनेलखालून बाहेर पसरतो. पॅनेलच्या बाहेर हातभर पट्टा १५-१८ अंशांवर येणार, पावसाळ्यात दवबिंदू २१. म्हणजे आधी ज्या घामाचा संशय होता आणि जो नव्हता, तो आता आजींच्या भिंतीशेजारी नव्यानं तयार होणार.

मग हिशेब मांडला. जमिनीवरच्या फरशीतून उष्णता किती येते हे काढायची आयएसओ १३३७० ची रीत आहे. ओल्या मातीची वाहकता १.५ आणि बोर्डाची ०.०३३ वॅट प्रति मीटर-केल्विन धरली. बोर्ड नसेल तर या १०.८ चौरस मीटरमधून साधारण २५५ वॅट उष्णता सतत आत. कोटेशनमधला १२ मिमी बोर्ड घातला तर १८० च्या आसपास. २५ मिमीला १३५, ५० मिमीला ८५, ७५ मिमीला ६०.

यातली उतरण बघण्यासारखी आहे. पहिल्या ५० मिमीत १७० वॅट वाचतात. कॉम्प्रेसर एका युनिटात अडीच युनिटांइतकी उष्णता खोलीतून काढतो असं धरलं तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, मीटरवर दिवसाला दीड युनिटाहून थोडं जास्त. पुढच्या २५ मिमीत वाचतात फक्त २५ वॅट, म्हणजे दिवसाला पाव युनिट, आणि त्यासाठी काँक्रीटमधून २५ मिमी काढून घ्यावे लागतात. ५० वर थांबलो.

कुठला बोर्ड

बबल फॉइल, म्हणजे चंदेरी कागद चिकटवलेला पातळ फुग्यांचा पत्रा, पहिल्याच फेरीत बाद. चंदेरी कागद उष्णता परतवतो तो समोर हवेची पोकळी असेल तेव्हा. काँक्रीटखाली दाबला की त्याच्या जाडीइतकाच त्याचा उपयोग, म्हणजे ५-६ मिमी फोमचा. शिवाय ओलं सिमेंट ॲल्युमिनियम खातं.

थर्माकोल, म्हणजे ईपीएस, सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारा. चांगल्या घनतेचा, मण्यांचा सांधा घट्ट असलेला ईपीएस कोरड्या जागी उत्तम चालतो. आयएस ४६७१ हे भारतीय मानक त्याच्यासाठीच आहे. पण मण्यामण्यांमधल्या फटीतून पाणी हळूहळू शिरतं. सतत ओल्या जागी बरीच वर्षं पडून राहिल्यावर त्याची इन्सुलेशनची ताकद उतरते, आणि इथं पाणी वीतभर खाली उभं होतं.

खरी स्पर्धा पफ स्लॅब आणि एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन, थर्माकोलचाच घट्ट, बिनमण्यांचा भाऊ) यांच्यात झाली. पफची वाहकता ०.०२३ च्या आसपास. ५० मिमी एक्सपीएसचं काम ३५ मिमी पफमध्ये होतं, आणि १५० मिमीच्या हिशेबात १५ मिमी म्हणजे मोठी गोष्ट. बऱ्याच शीतगृहांत फरशीखाली पफ स्लॅब घालतातही. पण त्याची सगळी भिस्त वाफरोधक पडद्यावर. पडद्याला कुठं टोचा पडला, सांधा उघडला, तर कापलेल्या कडेतून पाणी शिरतं आणि गार बाजूकडे साचत जातं. फरशी फोडल्याशिवाय ते कळत नाही. गावातल्या गवंड्याच्या हातून, सोलिंगच्या दगडांवर, पडदा शंभर टक्के अखंड राहील यावर मी पैज लावणार नाही. फिनॉलिक फोमची वाहकता आणखी कमी, पण ओलीचं दुखणं तेच आणि भिजला तर आम्लही सोडतो. फोम ग्लास पाणी अजिबात पीत नाही, दाबाला दणकट, पण महाग आणि या जाडीत उष्णतेला थोडा कमीच.

उरला एक्सपीएस. बंद पेशींचा, युरोपीय मानकाप्रमाणे दीर्घकाळ बुडवून ठेवला तरी घनफळाच्या ०.७ टक्क्याच्या आत पाणी घेणारा. पडद्याला भोक पडलं तरी बोर्ड टिकून राहतो, ही त्याची इथली जमेची बाजू. माहितीपत्रकात वाहकता ०.०२८ छापलेली असते ती ताज्या बोर्डाची. पेशींतला वायू वर्षानुवर्षं निसटतो तसा आकडा चढतो, म्हणून मी ०.०३३ धरला.

थोरल्या भावाला कागदावरचे आकडे नको होते, डोळ्यांनी बघायचं होतं. खव्याच्या काट्याचा उपयोग झाला. थर्माकोल आणि एक्सपीएसचे सारख्या मापाचे, ३० सेंटिमीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर जाड तुकडे वजन करून दुधाच्या घमेल्यात दगडाखाली रात्रभर बुडवले. सकाळी वरचं पाणी फडक्यानं टिपून पुन्हा वजन. एक्सपीएसचा काटा जेमतेम हलला. थर्माकोलचा तुकडा जवळजवळ दुप्पट जड झाला होता, आणि बोटानं दाबला की कडेला मण्यांमधून पाणी चमकत होतं. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण दुकानात बोर्ड घेताना कुणालाही करता येईल अशी आहे. घनतेचंही तसंच. १२५० बाय ६०० मिमीचा ५० मिमी जाड बोर्ड घनमीटरला ३२ किलोचा असेल तर १.२ किलो भरला पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पुरवठादाराकडे काटा लावला तेव्हा एक किलोच भरला. तो माल न घेता कोल्हापूरहून दुसरा मागवला, थोडा महाग पडला.

दाबाच्या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथं भले भले फसतात. ‘३०० किलोपास्कल’ म्हणजे बोर्ड आपल्या जाडीच्या १० टक्के चेपला जातो तेव्हाचा दाब. फरशीखाली बोर्ड १० टक्के चेपला तर फरशी गेलीच. वर्षानुवर्षांच्या भाराला त्याच बोर्डाचा धरायचा आकडा साधारण एक तृतीयांश, १०० ते ११०. इथं खव्याच्या रॅकच्या एका पायावर १५० किलो येणार होते, पाय ५० मिमीचा चौकोनी. सरळ बोर्डावर ठेवला असता तर ६०० किलोपास्कलच्या घरात, बोर्डात खड्डा. वर ८० मिमी जाळीचं काँक्रीट आलं की भार ४५ अंशांत पसरून खाली २१० मिमीच्या चौकोनावर जातो, दाब ३३ वर उतरतो. म्हणून काँक्रीट चोरून बोर्ड वाढवण्याला मी तयार नव्हतो. भिंतीच्या किंवा खांबाच्या खाली मात्र हा बोर्ड सरकवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

थर कुठला कुठे

काम मे महिन्यात काढलं. सोलिंगच्या फटींत दगडी चुरा दाबून भरला, वर २० मिमी सिमेंट-वाळूचा माल ओढून सपाटी केली. मग वाफेचा पडदा, जाड पॉलिथिनचे दोन थर, सांधे वीतभर एकावर एक आणि चिकटपट्टी. पडदा बोर्डाच्या खाली आला. वाफ गरम बाजूकडून गार बाजूकडे जाते, आणि कोल्डरूममध्ये गरम बाजू जमीन. थंड देशांतल्या घरांच्या चित्रात हा पडदा उलट्या जागी दिसतो, ते चित्र बघून काम केलं तर पाणी बोर्डातच कोंडलं जातं.

५० मिमीचा एक बोर्ड न घालता २५ मिमीचे दोन थर घातले, विटेच्या बांधकामासारखे सांधे मोडून, म्हणजे वरपासून खालपर्यंत सरळ फट कुठंच राहत नाही. चारही बाजूंनी २५ मिमीची उभी पट्टी काँक्रीटच्या माथ्यापर्यंत, आतला स्लॅब बाहेरच्या फरशीपासून सुटा. पॅनेल या पट्टीच्या वर उभे. ही उभी पट्टी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा विसरली जाणारी गोष्ट.

गवंड्यांनी बोर्ड चिकटवायला डांबर तापवायची तयारी केली होती. एका कापलेल्या तुकड्यावर थिनरचे चार थेंब टाकून दाखवले. पांढरा फेस येऊन बोर्ड तिथल्या तिथं आत बसला, बोट जाईल एवढं भोक. “मामा, गरम डांबरानंही हेच,” म्हटल्यावर डबा बाजूला गेला. पॉलिस्टायरीनला थिनर, पेट्रोल, रबर सोल्युशन आणि गरम डांबर चारही वर्ज्य. बोर्ड सुटेच मांडले, सांध्यांना टेप.

वाळवीचं औषध त्याआधी मारून चांगलं सुकू दिलं होतं, कारण त्यातही द्रावक असतो. वाळवी फोम खात नाही, पण त्यातून बोगदा काढते आणि लाकडापर्यंत दिसू न देता पोचते. खाचराशेजारच्या घरात घुशीही असतात. त्या काहीही कुरतडतात. म्हणून बोर्डाची एकही कड उघडी ठेवली नाही. आणि पॅनेलवाल्याच्या माणसाला बजावलं की रॅकचं वेल्डिंग अंगणात करायचं, बोर्ड उघडे असताना आत ठिणगी नको.

बोर्ड मांडून झाले त्या रात्री वळीव कोसळला. अजून चर पूर्ण झाला नव्हता, मागच्या दारातून पाणी आत आलं आणि कडेचे बोर्ड तरंगून एकमेकांवर चढले. सकाळी सगळे काढून, पडद्यावरचं पाणी पुसून, टेप नव्यानं मारावी लागली. काँक्रीट पडलं की ८० मिमीचं वजन चौरस मीटरला १९० किलोच्या घरात, मग ५० मिमी फोमची उचल काही करू शकत नाही. पण काँक्रीट पडेपर्यंत तो फक्त हलका फोम असतो. बोर्ड मांडले त्याच दिवशी काँक्रीट टाकता येईल एवढीच जागा उघडावी, हे मी आता प्रत्येक कामावर लिहून देतो.

काँक्रीटवर फरशी न घालता पृष्ठभागच घोटून घेतला. १५० मिमीत फरशीला जागा उरली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात

जुलैच्या भर पावसात जाऊन मोजमाप घेतलं. कोल्डरूमच्या पॅनेलबाहेरची फरशी आजींच्या भिंतीच्या बाजूला २२ अंश, कोरडी. दुसऱ्या दोन बाजूही तशाच. दारात मात्र घाम. पॅनेलवाल्यानं उंबऱ्याला बसवलेली ॲल्युमिनियमची पट्टी आतून बाहेरपर्यंत अखंड होती आणि ती आतला गारवा थेट बाहेर आणत होती. पट्टी मध्ये कापून आत पीव्हीसीचा तुकडा घातला. घाम बराच कमी झाला, दार वारंवार उघडलं जातं त्या सकाळच्या वेळी अजून थोडा येतो. तिथं पायपुसणं टाकलंय.

चर चालतोय. ओढ्याच्या तोंडाशी पाइपातून सतत धार होती, आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाणी गेल्या वर्षीपेक्षा बरंच खाली होतं. प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा केली, खालच्या अंगाला धुकं आलं, थेंब नाहीत. भिंतीला वेळ लागणार. एवढी जाड जांभ्याची भिंत आतून वाळायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि तोवर चुन्याच्या गिलाव्यावर मिठाची पांढरी भुकटी येत राहील. ती ओल्या फडक्यानं पुसायची नाही, कोरड्या कुंच्यानं झाडून सुपात घ्यायची, नाहीतर मीठ पुन्हा भिंतीतच जातं. आजी ते नेमानं करतात.

धाकट्या भावाला उरलेले चार बोर्ड त्याच भिंतीला आतून लावायचे होते, “पडून राहिलेत की साहेब” म्हणून. नको म्हटलं. भिंतीवर ओलीची वरची सीमा कोळशानं आखून ठेवली आहे. दिवाळीनंतर ती खाली उतरलेली दिसली तर चुन्याचा शेवटचा हात देऊ, तिथंच असली तर रसायनाचा विचार करू.